आकड्याच्या पोटातला आकडा

खगोलशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात पहिल्या काही पानांतच हे आकडे भेटतात. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि एक साधा प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहून जातो: तिथवर मोजायला गेलं होतं कोण?

हा प्रश्न बाळबोध नाही. चंद्र सोडला तर दुसऱ्या कोणत्याही खगोलावर माणसाचं पाऊल पडलेलं नाही. ताऱ्यांची आणि दीर्घिकांची सारी अंतरं पृथ्वीवरून, नाहीतर तिच्या आसपास सोडलेल्या दुर्बिणींतून काढलेली आहेत. आणि त्यांतला एकही आकडा एकटा उभा नाही. देवयानीच्या अंतराच्या पोटात ताऱ्यांची अंतरं आहेत, ताऱ्यांच्या अंतरांच्या पोटात सूर्याचं अंतर आहे, सूर्याच्या अंतराच्या पोटात पृथ्वीचा आकार आहे. खालचा एक आकडा चुकला की वरचे सगळे चुकतात, आणि इतिहासात तसं खरोखर घडलेलं आहे. शास्त्रज्ञ या रचनेला अंतरांची शिडी म्हणतात. शून्यांच्या रांगा पाहून डोळे दिपतातच, पण मी जास्त थक्क होतो ते ही शिडी पाहून.

तिची पहिली पायरी म्हणजे एक सावली. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या इरॅटोस्थेनिसला माहीत होतं की दक्षिणेकडच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्याच दुपारी अलेक्झांड्रियात मात्र काठीची सावली पडते, आणि सूर्यकिरणांचा काठीशी ७.२ अंशांचा कोन होतो. ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग दोन गावांमधलं अंतर पन्नासपट केलं की पृथ्वीचा परीघ. त्याने ५,००० स्टेडिया (हे त्या काळचं अंतराचं ग्रीक माप) गुणिले ५० असा हिशेब केला. आज आपण विषुववृत्तावरचा परीघ ४०,०७५ किलोमीटर मानतो. महाराष्ट्रात सूर्य थेट डोक्यावर येण्याचा योग वर्षातून दोनदा येतो, मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टच्या सुमारास. शून्य सावलीच्या त्या दुपारी एका गावातल्या मुलांनी शे-दोनशे किलोमीटर उत्तरेच्या गावातल्या मुलांशी सावल्यांची माहिती वाटून घेतली, तर पृथ्वीचा परीघ त्यांनाही काढता येतो. प्रत्येक शाळेने हे एकदा तरी करावं, असं मला मनापासून वाटतं.

पृथ्वी मोजली की चंद्र आवाक्यात येतो. दोन दूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी पाहिलं, तर मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत चंद्राची जागा थोडी सरकलेली दिसते. त्या सरकण्याला पराशय म्हणतात, आणि त्यावरून चंद्र पृथ्वीच्या सुमारे तीस व्यासांइतका दूर निघतो. आता तर या अंतरात अंदाज उरलेलाच नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावर पृथ्वीवरून लेसर सोडतात आणि तो सुमारे अडीच सेकंदांत परत येतो. एका स्पंदात परार्धाच्या घरात, म्हणजे एकावर सतरा शून्ये इतके प्रकाशकण निघतात; परत हाती लागतो एखादाच. त्या एखाद्या कणावरून चंद्राचं अंतर मिलिमीटरच्या घरात मोजलं जातं. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरने दूर जातो आहे, हे त्यातूनच कळलं.

सूर्याचं प्रकरण मात्र अवघड होतं. केप्लरच्या नियमांमुळे सतराव्या शतकातच ग्रहांच्या अंतरांची गुणोत्तरं मिळाली होती: पृथ्वीचं अंतर १ धरलं तर शुक्र ०.७२ वर, गुरू ५.२ वर. सौरमालेचा अख्खा आराखडा तयार होता, फक्त त्यातलं एकही अंतर किलोमीटरमध्ये माहीत नव्हतं. कोणतंही एक मोजलं असतं तरी बाकीची सगळी आपोआप निघाली असती. एडमंड हॅलीने १७१६ मध्ये त्यासाठी एक युक्ती सुचवली. शुक्र जेव्हा नेमका पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो तेव्हा सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो. हे शुक्राचं अधिक्रमण. पृथ्वीवरच्या दोन दूरच्या ठिकाणांहून पाहिलं तर तो ठिपका किंचित वेगवेगळ्या रेषांनी जातो. रेषेची लांबी वेगळी, म्हणून लागणारा वेळही वेगळा. त्या काही मिनिटांच्या फरकातून सूर्याचं अंतर काढता येतं. अट एवढीच की दोन ठिकाणांमधलं अंतर आधी माहीत हवं.

अडचण होती ती अशी अधिक्रमणं दुर्मीळ असण्याची. आठ वर्षांच्या फरकाने दोन येतात आणि मग शंभराहून जास्त वर्षं एकही नाही. पुढची जोडी १७६१ आणि १७६९ ची होती. हॅलीचा जन्म १६५६ चा. आपण ती पाहायला नसणार हे त्याला ठाऊक होतं, आणि पुढच्या पिढीने ही संधी सोडू नये म्हणून त्याने ते लिहून ठेवलं. पुढच्या पिढीने सोडली नाही. युरोपातल्या अकादम्यांनी सायबेरियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत निरीक्षक पाठवले. १७६९ मध्ये कॅप्टन कूक त्याच कामासाठी ताहितीला गेला.

त्यांतला गियोम ल जांती हा फ्रेंच खगोलज्ञ मार्च १७६० मध्ये पाँडिचेरीला यायला निघाला. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात तेव्हा युद्ध पेटलेलं होतं. तो मॉरिशसमार्गे हिंदुस्थानच्या किनाऱ्याजवळ पोहोचला तोवर पाँडिचेरी इंग्रजांनी घेतलं होतं, आणि त्याच्या जहाजाला मागे फिरावं लागलं. ६ जून १७६१ ला अधिक्रमण झालं तेव्हा तो हिंदी महासागरावर होता. आकाश निरभ्र होतं, शुक्र दिसत होता, पण डोलणाऱ्या जहाजावरून वेळेची नेमकी नोंद घेणं शक्य नव्हतं. फ्रान्सला परत जाण्याऐवजी त्याने पूर्वेकडेच थांबून आठ वर्षांनंतरच्या अधिक्रमणाची वाट पाहायचं ठरवलं. मादागास्कर आणि आसपासच्या बेटांचा अभ्यास केला, मनिलापर्यंत जाऊन आला, आणि १७६८ मध्ये अखेर पाँडिचेरीत येऊन त्याने वेधशाळा उभारली. तमिळ ज्योतिषी ग्रहणाचं गणित कसं करतात, हे तो तिथे शिकला आणि त्याने ते तपशीलवार लिहून ठेवलं. ४ जून १७६९ ची पहाट उजाडली आणि आकाश ढगांनी भरून आलं. अधिक्रमण संपेपर्यंत सूर्य दिसला नाही; ते संपल्यावर ऊन पडलं. तो जिथून आला होता त्या मनिलात त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. १७७१ मध्ये तो मायदेशी परतला, तेव्हा तिथे त्याला मृत समजलं गेलं होतं, अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती, आणि वारस इस्टेटीच्या वाटण्यांना लागले होते.

सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे, या ओळीत ल जांतीचीही अकरा वर्षं आहेत. त्याच्या हाती काही लागलं नाही, पण इतरांच्या हाती लागलं. १७६१ आणि १७६९ ची निरीक्षणं एकत्र करून लालांद या फ्रेंच खगोलज्ञाने सुमारे १५.३ कोटी किलोमीटर हे उत्तर काढलं. १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे संदेश आपटवून परत घेतले गेले आणि अचूकता कितीतरी वाढली. आज १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर हे खगोलीय एककाचं ठरवून दिलेलं मूल्य आहे. लालांद फक्त सव्वादोन टक्क्यांनी चुकला होता. लाकडी जहाजं, लंबकाची घड्याळं आणि युद्धात सापडलेले समुद्र यांच्या आधाराने आलेलं हे उत्तर आहे.

सूर्याबद्दलचे डोळे विस्फारायला लावणारे जवळजवळ सगळे आकडे या एका अंतरावर टेकलेले आहेत. बिंब किती मोठं दिसतं हे माहीत, अंतर माहीत, म्हणून व्यास निघाला: सुमारे १३.९ लाख किलोमीटर, पृथ्वीच्या १०९ पट. घनफळात तेरा लाख पृथ्व्या मावतील. पृथ्वीच्या कक्षेचा आकार आणि वर्षाची लांबी माहीत, म्हणून न्यूटनच्या नियमाने सूर्याचं वजन निघालं. त्यासाठी गुरुत्वाकर्षणाचं बळ मात्र प्रयोगाने मोजावं लागलं. १७९८ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने लंडनमध्ये दीड-दीडशे किलोंच्या शिशाच्या गोळ्यांची लहान गोळ्यांवरची अतिसूक्ष्म ओढ मोजली, त्यातून ते मिळालं. सूर्याचं वस्तुमान २ वर तीस शून्ये इतके किलोग्रॅम आहे. सौरमालेतलं ९९.८६ टक्के द्रव्य एकट्या सूर्यात आहे. गुरू, शनी, आपण, सगळे उरलेल्या ०.१४ टक्क्यात.

सूर्याची शक्तीही त्याच अंतरातून येते. पृथ्वीपाशी सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट पडतात. १५ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या संपूर्ण पृष्ठभागावर तेवढेच पडत असणार, म्हणून गुणाकार करायचा. अंतरात दोन टक्के चूक असेल तर इथे चार टक्के होते, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. गुणाकारातून आलेली ऊर्जा द्रव्याच्या मापात मांडली की उत्तर असं येतं: सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन द्रव्य ऊर्जेत बदलून उधळतो. वाचणाऱ्याने हे वाक्य संपवेपर्यंत कोटीभर टन गेले. ४६० कोटी वर्षं हे चाललेलं आहे आणि आजवर नव्वद-शंभर पृथ्व्यांइतकं द्रव्य प्रकाश होऊन गेलं. सूर्याच्या वस्तुमानाच्या हिशेबात ते जेमतेम ०.०३ टक्के.

आता ताऱ्यांकडे. पृथ्वीची कक्षा ३० कोटी किलोमीटर रुंद आहे हे कळल्यावर एक नवा पाया हाती आला. जानेवारीत एक तारा पाहायचा, जुलैत पुन्हा पाहायचा. मधल्या काळात आपण ३० कोटी किलोमीटर सरकलेलो असतो, तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित हललेला दिसायला हवा. कोपर्निकसनंतर जवळजवळ तीनशे वर्षं कोणालाही तो हललेला दिसला नाही. पृथ्वी फिरतच नसावी, यासाठी काही जण हाच पुरावा देत. खरं कारण होतं ते अंतर. १८३८ मध्ये फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला: ०.३१ विकला. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. पूर्ण चंद्राचं बिंब सुमारे १,८०० विकला रुंद दिसतं. बेसेलने त्या रुंदीच्या सहा हजाराव्या भागाएवढं हलणं पकडलं होतं. आधुनिक मोजणीनुसार हा तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. उन्हाळ्यात महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजालगत दिसणारा मित्र तारा साधारण ४.४ प्रकाशवर्षांवर, आणि त्याचाच मंद सोबती प्रॉक्झिमा ४.२४ वर.

ही पोकळी किती मोठी आहे, ते किलोमीटरमध्ये मनाला पटत नाही. सगळं एक हजार कोटी पटींनी लहान करून पाहू. सूर्य १४ सेंटिमीटरचा, म्हणजे एका पपनसाएवढा होतो. तो पुण्यात ठेवला तर पृथ्वी १५ मीटरवरचा मोहरीचा दाणा. सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून साडेचारशे मीटरवर. चालत पाच-सहा मिनिटांत ग्रहमाला संपते. पुढचं फळ, सुपारीएवढा प्रॉक्झिमा, सिंगापूरच्या आसपास. मधल्या चार हजार किलोमीटरमध्ये काही धुळीचे कण, बर्फाचे तुकडे, बाकी काही नाही. आणि याच मापाने आपली आकाशगंगा किती मोठी होईल? साडेनऊ कोटी किलोमीटर. हजार कोटी पटींनी लहान केलेली प्रतिकृतीसुद्धा इथून खऱ्याखुऱ्या सूर्याच्या अर्ध्या वाटेच्या पुढे जाते.

व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जवळजवळ अर्धं शतक धावून ते जिथे पोहोचलं आहे, तिथून त्याचा संदेश इथे यायला एका दिवसाच्या आसपास वेळ लागतो. त्याच वेगाने प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षं लागतील. म्हणून ताऱ्यांचं अंतर कोन मोजूनच काढायचं. युरोपच्या गाया या अंतराळ दुर्बिणीने २०१४ ते २०२५ या काळात सुमारे १८० कोटी तारे आणि अन्य खगोल न्याहाळले. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत तिची अचूकता चंद्रबिंबाच्या रुंदीच्या कित्येक कोटीव्या भागापर्यंत गेली. पण तिचंही मूळ बेसेलचंच: पृथ्वीच्या कक्षेची रुंदी आणि एक कोन.

कोन कुठेतरी संपतात. दुसऱ्या दीर्घिकांपर्यंत जायला ताऱ्याची खरी तेजस्विता कळावी लागते. मग तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येतं. ती कळण्याची किल्ली हेन्रिएटा लेविटने शोधली. हार्वर्डच्या वेधशाळेत ताशी ३० सेंट पगारावर ती काचेच्या छायाचित्रपट्ट्यांवरचे तारे तपासायची. तिला ऐकू फार कमी येत असे. धाकट्या मॅजेलन मेघातले २५ सेफीड तारे, ज्यांचा प्रकाश ठराविक काळाने कमी-जास्त होतो, त्यांचा अभ्यास तिने १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. कोणाचा फेरा सव्वा दिवसाचा, कोणाचा १२७ दिवसांचा. जितका फेरा लांब तितका तारा तेजस्वी. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर. तेव्हा दिसणारा फरक हा तेजस्वितेतलाच खरा फरक. आपला ध्रुवही सेफीड आहे, साधारण चार दिवसांत एकदा फुगणारा आणि आक्रसणारा. जवळच्या काही सेफीडांचं अंतर इतर मार्गांनी निश्चित केलं की दूरचा कोणताही सेफीड आपलं अंतर सांगू शकतो. नुसते दिवस मोजायचे. १९२५ मध्ये स्वीडनचे गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी तिचं नाव सुचवण्याच्या इच्छेने पत्र पाठवलं, तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं उलटली होती.

ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्रात देवयानीतला एक सेफीड सापडला. फेरा सुमारे ३१ दिवसांचा. लेविटच्या नियमाने अंतर आलं ९ लाख प्रकाशवर्षं. त्याआधी तीनच वर्षं वॉशिंग्टनमध्ये शॅप्ली आणि कर्टिस या दोन खगोलज्ञांत जाहीर वाद झाला होता की आपली आकाशगंगा हेच विश्व, की बाहेरही तशाच दीर्घिका आहेत. आकाशगंगेचा शॅप्लीने दिलेला सर्वांत मोठा अंदाज ३ लाख प्रकाशवर्षांचा होता. ९ लाख त्याच्या कितीतरी बाहेर पडत होते. एका ताऱ्याने वाद मिटवला.

मात्र ९ लाख हे उत्तर चुकीचं होतं, आणि ती चूक सर्वदूर पसरली. १९२९ मध्ये हबलने दाखवलं की दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जाते आहे. विश्व पसरतं आहे, तर उलट हिशेब करून ते किती काळ पसरतं आहे हे निघावं. हबलच्या आकड्यांवरून ते वय जेमतेम २०० कोटी वर्षं येत होतं. इकडे भूशास्त्रज्ञ किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने सांगत होते. मुलगी आईपेक्षा वयाने मोठी निघत होती. उत्तर वॉल्टर बाडेने शोधलं. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मन नागरिक असल्यामुळे अमेरिकी युद्धकामात नव्हता, आणि लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंदावल्यामुळे माउंट विल्सनवरचं आकाश काळंभोर झालं होतं. त्या अंधारात त्याने देवयानीच्या गाभ्यातले तारे वेगळे करून पाहिले आणि ताऱ्यांचे दोन वंश आहेत हे ओळखलं. सेफीडही दोन प्रकारचे निघाले. एका प्रकाराची मोजपट्टी दुसऱ्याला लावली गेली होती. १९५२ मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि दीर्घिकांची सगळी अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. पुढच्या दुरुस्त्यांनी देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर गेली आणि विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांवर आलं. हिवाळ्यात अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांना दिसणारा देवयानीचा पुसट ठिपका म्हणजे २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला प्रकाश.

घरच्या आकाशगंगेकडे मागे वळून पाहिलं तर एक गंमत दिसते. तिच्यात १०,००० कोटी ते ४०,००० कोटी तारे आहेत असं पुस्तकं सांगतात. एवढी मोठी तफावत का? कारण ते कोणी मोजलेलेच नाहीत. सेकंदाला एक या गतीने १०,००० कोटी मोजायलाच ३,१७० वर्षं लागतील, आणि बरेचसे तारे धुळीआड आहेत. आकाशगंगेचं वजन काढून त्यावरून संख्येचा अंदाज बांधला जातो. वजन कळतं ते फिरण्यावरून: सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर, सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने फिरतो. एका फेरीला २२-२३ कोटी वर्षं. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून बनला, त्याचा मोठा उद्रेक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रायगडाचा कडा ज्या थरांचा आहे ते थर गोठले तेव्हापासून आजवर सूर्याची एक तृतीयांश फेरीसुद्धा पूर्ण झालेली नाही.

आकाशगंगेचे सर्पिल फाटे कुठे आहेत हे धुळीतूनही कळलं ते हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींमुळे. एकटा सोडलेला हायड्रोजनचा अणू ही लहर सरासरी एक कोटी वर्षांतून एकदा सोडतो. तरीही ती ऐकू येते, कारण अणूंची संख्या तितकीच अफाट आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दीर्घ लांबीच्या अशाच लहरी टिपतात. २०२३ च्या सुरुवातीला या दुर्बिणीतून आलेला एक निकाल जाहीर झाला: ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर. वाटेत विश्व पसरल्यामुळे ती ताणून ४८ सेंटिमीटरची झाली होती. खोडदच्या शेतांमध्ये ती येऊन पोहोचली. निघाली तेव्हा पृथ्वी आणि सूर्य दोन्ही नव्हते.

एकेकट्या दीर्घिकेहून कितीतरी मोठी रचना पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केली. मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा दीर्घिकांचा महासमूह. रुंदी सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं. नाव सरस्वती.

पसरणाऱ्या विश्वाचा वेग नेमका किती, हा प्रश्न मात्र आज पुन्हा उघडा आहे. दर मेगापार्सेकला, म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, तो सेकंदाला किती किलोमीटरने वाढतो? सेफीड आणि त्यांच्यावर बेतलेले स्फोट पावणारे तारे, म्हणजे बेसेल-लेविट यांची शिडी, उत्तर देते ७३. विश्वाच्या बालपणीचा उरलेला सूक्ष्मतरंगी प्रकाश मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या आकड्यांवरून येतं ६७.४. दोन्हीकडचे लोक आपापल्या मोजणीत चूक शोधून थकले. फरक जात नाही. शिडीच्या एखाद्या पायरीत अजून काही दडलं आहे की विश्वाबद्दलच्या आपल्या समजुतीत, हे ठरवायला शिडी न लागणारी तिसरी पद्धत हवी.

ती १७ ऑगस्ट २०१७ ला मिळाली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले आणि त्यांच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर टिपल्या गेल्या. लहरीच्या आकारातूनच अंतर निघतं; सावली नको, अधिक्रमण नको, सेफीड नकोत. अंतर १३ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, आणि पसरण्याचा वेग ७० च्या आसपास. पण चुकीची शक्यता इतकी की उत्तर ६२ ते ८२ मध्ये कुठेही असू शकतं. अशा आणखी पुष्कळ टकरी पकडायला हव्यात आणि प्रत्येकीची दीर्घिका ओळखता यायला हवी. दिशा अचूक कळायची तर निरीक्षण केंद्रं एकमेकांपासून खूप दूर हवीत. अमेरिकेत दोन आहेत, इटलीत एक, जपानमध्ये एक. पुढचं हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणार आहे. लायगो-इंडिया या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिथल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमध्ये जो बदल मोजायचा तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून लहान असतो, आणि त्यातून काढायचं अंतर कोट्यवधी प्रकाशवर्षांचं.